पन्नास चित्रं, दोनशे अकरा ठोके

आमच्या मॅडम पन्नासपैकी एकतीस गुण मिळवून नापास झाल्या.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. केंद्राच्या नोंदवहीत त्या मंगळवारी दुपारी साडेतीन ते चार या वेळात ‘पंखा साफ केला’ अशी नोंद आहे, माझ्याच अक्षरात. आणि पंखा खरंच साफ आहे, कारण खोटी नोंद मला पचत नाही, म्हणून नंतर स्टुलावर चढून मी तो पुसला. तेव्हा काहीच झालं नाही असं धरून चालू, आणि जे झालं नाही ते पहिल्यापासून सांगते.

मी लोकांची स्मरणशक्ती मोजते. तिसऱ्या मजल्यावर आमचं केंद्र आहे: बाहेर बसायला एक बाक, आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि चार कोऱ्या भिंती. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही, कारण आमच्याकडे आलेला माणूस घाबरून दिसेल ते पाठ करत सुटतो. डोक्याला मार लागलेली, विसरायला लागलेली माणसं इथे येतात. कुणाला डॉक्टर पाठवतात, कुणाला कोर्ट, कुणाला कंपनी. मी चाचणी घेते, मॅडम निकाल लिहितात.

ही नोकरी मला चेहऱ्यावर मिळाली. म्हणजे चेहरा सुंदर आहे म्हणून नव्हे, तो हलत नाही म्हणून. घरी मला ठोकळा म्हणतात. आई सांगते, ही जन्मली तेव्हा रडलीसुद्धा नाही, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि झोपली. असा चेहरा आमच्या धंद्यात सोन्याच्या मोलाचा, आणि तो लागतो चित्रांच्या चाचणीसाठी.

चित्रांची चाचणी म्हणजे मॅडमचा लाडका सापळा. पन्नास कार्डं. छत्री, किटली, शिडी, बदक, अशी एकेक चित्रं तीन-तीन सेकंद दाखवायची. मग जोडीजोडीने पुन्हा चित्रं दाखवून विचारायचं, या दोघांतलं मघाशी कोणतं पाहिलं? सुरू करण्याआधी मी गंभीरपणे सांगते की ही चाचणी फार अवघड आहे. हे धादांत खोटं आहे. ती इतकी सोपी आहे की स्वतःच्या सुनेला शेजारीण समजणाऱ्या एका आजोबांनी अठ्ठेचाळीस मिळवले होते, आणि वर मला विचारलं होतं की मी कुणाची मुलगी. पंचेचाळीसच्या खाली कुणी सहसा जात नाही. जो जातो तो मुद्दाम जातो, असं मॅडमचं मत. मोठ्या दुखापतीचं सोंग घेणाऱ्याला वाटतं, अवघड चाचणी आहे, चुकायलाच हवं, आणि तो चुकतो.

“नापास म्हणजे नाटक,” मॅडम म्हणतात. एकोणीस वर्षं म्हणतायत.

त्या मंगळवारी सकाळी क्रेनवाल्या काकू आल्या. बांधकामावर उभी असते ना, गगनाला टेकलेली टॉवर क्रेन, ती त्या अकरा वर्षं चालवत होत्या. सोबत त्यांच्या सासूबाई होत्या, विणकामाच्या पिशवीसकट. आठ महिन्यांपूर्वी काकूंची पाळी संपून त्या खाली उतरल्या, पुढच्या माणसाने क्रेन ताब्यात घेतली, आणि रिकामा हूक झुलत येऊन त्यांच्या हेल्मेटला लागला. टपली मारावी तसा. हेल्मेटला ओरखडा आला, डोक्याला तोही नाही. सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. पण तेव्हापासून डोकं ठणकतं, मान धरते, पोटात कळा येतात, डावा हात बधिर होतो आणि सांगितलेलं लक्षात राहत नाही.

“अकरा वर्षं मी तो हूक चालवला,” काकू म्हणाल्या, “आणि त्याने मला ओळखलं नाही.”

असं वाक्य ऐकल्यावर काय करायचं हे प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मी पेन्सिलीला टोक काढलं.

कंपनीने त्यांना आठ महिने गोदामात हातमोजे मोजायला बसवलं होतं, आणि आता आमच्याकडे पाठवलं होतं. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. बरी असेल तर वर जाईल. आजारी असेल तर उपचार घेईल. सोंग करत असेल तर तिला काढून टाकू. काकूंना वर जायचं होतं. बाकी काहीही नको होतं. हातमोज्यांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी असा चेहरा केला की मला हातमोज्यांचीच कीव आली.

आधी मी तक्रारींचा तक्ता भरून घेतला. त्यात शरीराच्या तीस तक्रारी असतात, लागू असेल त्यावर खूण करायची. काकूंनी अठ्ठावीसवर केली. एकोणतिसावी फक्त पुरुषांना होणारी होती, तिच्यापुढे ‘घरी विचारून सांगते’ असं लिहिलं. तिसावी केस गळण्याची होती. ती त्यांनी सोडली, कारण केस उत्तम होते, आणि बाई प्रामाणिक होत्या.

मग चित्रं. काकू एक हात पोटावर ठेवून ताठ बसल्या. मी पन्नास कार्डं उलटली, मग जोड्या दाखवल्या. गुण आले तेहेतीस.

माझा चेहरा हलला नाही. पण आत काहीतरी खाली गेलं, लिफ्ट सुटावी तसं. कारण काकूंनी लगेच विचारलं, “कमी आले ना? पुन्हा घ्या. मला जमायला पाहिजे हे.” आणि मला कळेना, सोंग घेणारा माणूस पुन्हा परीक्षा मागेल कशाला? चोराने येऊन सांगावं, माझी झडती नीट झाली नाही, परत घ्या, तसं हे.

मॅडमनी कागद पाहिला आणि कंपनीचा अर्ज पुढे ओढला. त्याच्या तळाशी एकच ओळ होती: सदर व्यक्ती खरी आहे, एक चौकोन, सदर व्यक्ती खोटी आहे, दुसरा चौकोन. पहिल्यावर खूण असेल तर वर जायचा पास, दुसऱ्यावर असेल तर नोकरी गेली; आजारी असलेल्यासाठी चौकोनच नव्हता. पाच वाजता कंपनीचा माणूस तो न्यायला येणार होता. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, मग म्हणाल्या की आधी जेवून घेते, सकाळपासून छातीत जळजळतंय. त्या जळजळीचे आभार मानायला मी आजही विसरलेली नाही.

बाहेर बाकावर सासूबाई विणत होत्या. मी काही न विचारताच त्यांनी सांगायला सुरुवात केली की ही खोटं बोलणाऱ्यातली नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः विणलेला स्वेटर सुनेला दिला, तर ती म्हणाली, बाह्या लहान-मोठ्या आहेत. “होत्याच,” सासूबाई म्हणाल्या. “पण दुसऱ्या दिवशी कोण सांगतं?”

काकू म्हणाल्या, जाऊ द्या हो आई. मी त्यांना सहज विचारलं, चित्रं चालू होती तेव्हा तुम्ही काय करत होता?

“मोजत होते.”

“काय?”

“कानशिलातले ठोके. दोनशे अकरा झाले.”

मी खाली बसले. पन्नास कार्डं, तीन-तीन सेकंद, म्हणजे अडीच मिनिटं. दोनशे अकरा ठोके बरोबर बसत होते. काकू पुढे सांगू लागल्या, भाजीचे भाव सांगावेत इतक्या सहज: सतराव्या चित्राला डावी करंगळी बधिर झाली, तिसाव्याला परत आली, पण तिसाव्यालाच पोटात कळ उठली ती शेवटपर्यंत. चित्राचे नंबर कसे काय लक्षात, विचारलं तर म्हणाल्या, सवय आहे. क्रेनवर प्रत्येक फेरी मोजायची असते, किती वेळा भार उचलला ते संध्याकाळी लिहून द्यावं लागतं. तुम्ही कार्ड उलटलं की माझी एक फेरी.

“आणि सतराव्या कार्डावर चित्र कशाचं होतं?”

“कोण बघतंय चित्र. माझी करंगळी गेली होती.”

यानंतर मी जे केलं ते नियमात नाही. चहा आणला, इकडचं तिकडचं बोलले, पाऊण तासाने अगदी भोळेपणाने म्हणाले, म्हणजे एकोणिसाव्याला करंगळी गेली. सतराव्याला, काकू म्हणाल्या. आणि ठोके दोनशे एकवीस. अकरा, काकू म्हणाल्या, आणि सासूबाईंकडे बघून हळूच विचारलं की या मुलीच्याच डोक्याला मार लागलाय का.

बाईंची स्मरणशक्ती ठणठणीत होती. फक्त तिचं तोंड आतल्या बाजूला होतं.

मी आत धावले. खरंच धावले, आमच्या केंद्रात धावायला जागा नाही, तरी टेबलाभोवती एक फेरी झाली. काकूंचा उत्तरांचा कागद काढला. आम्ही जोड्या दाखवतो त्या वेगळ्या क्रमाने, म्हणून आजवर कुणी पाहिलंच नव्हतं की चुकलेली चित्रं मुळात कितव्या नंबरला दाखवली होती. मी एकेक उत्तर परत मूळच्या क्रमाने लावलं. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. दहावं बरोबर. सोळावं बरोबर. सोळाच्या सोळा बरोबर. आणि सतरापासून पुढे, करंगळी गेल्याच्या क्षणापासून, चौतीस चित्रांत सतरा बरोबर आणि सतरा चूक. नाणं उडवल्यासारखं.

बाई सोळा चित्रं इथे होत्या. मग त्यांना शरीराने हाक मारली आणि त्या आत गेल्या. चौतीस चित्रं त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी ती पाहिलीच नव्हती.

मॅडम डबा खात होत्या. त्यांच्यासमोर मी कागद ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. माझा चेहरा नेहमीसारखाच असावा, कारण त्यांनी विचारलं की तुला बरं नाही का. मग त्यांनी कागद पाहिला, नीट पाहिला, आणि म्हणाल्या की योगायोग आहे. सोंग घेणाऱ्यालाही सोळा चित्रांनंतरच सुचत असेल. राहिलं दुखण्याचं. मनावरचा ताण असा शरीरातून बाहेर पडतो हे त्या मान्य करत होत्या, पुस्तकात त्याला चांगलं लांबलचक नाव आहे आणि ते त्यांनी मला ऐकवलंही. दारातून सासूबाईंनी सांगितलं की आमच्याकडे याला ‘जिवाला लागलं की अंगाला लागतं’ म्हणतात. मॅडमनी तिकडे लक्ष दिलं नाही. म्हणाल्या, ताण असो, कळ असो, पोट दुखतं म्हणून माणूस छत्री विसरत नाही.

“मला बघ. सकाळपासून छातीत जळतंय. घे माझी चाचणी.”

त्या असं म्हणतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. रोजच्या संचातली चित्रं त्यांना पाठ होती, म्हणून कपाटातून दुसरा संच काढला, जो एकोणीस वर्षांत कुणी उघडला नव्हता. त्याची मोहोर मी फोडली. दार लावू का विचारलं तर म्हणाल्या, उघडंच राहू दे, मला लपवण्यासारखं काही नाही. काकू आणि सासूबाई बाकावरून बघत होत्या. मॅडम काकूंच्या खुर्चीत बसल्या, मी समोर. अवघड आहे बरं का, मी म्हणाले. सवयीने. मॅडमनी मान हलवली, तीही सवयीने.

एक, दोन, तीन. बारा कार्डं झाली तेव्हा सासूबाईंनी सुईवरून मान वर केली.

“बाई, जळजळ डावीकडे आहे की मधे?”

“मधे,” मॅडम म्हणाल्या. नजर कार्डावर.

“माझ्या धाकट्या दिरांनाही मधेच व्हायची. दोन दिवस अंगावर काढलं त्यांनी.”

आणि सासूबाई पुन्हा विणू लागल्या. पुढे काय झालं ते काही सांगितलं नाही.

मी तेरावं कार्ड उलटलं. चौदावं. मॅडमची नजर कार्डावर होती, पण अशी, जशी फोनवर बोलताना माणसाची भिंतीवर असते. विसाव्याला त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला. तिसाव्याला त्यांनी एक खोल श्वास घेऊन बघितला. चाळिसाव्याला आणखी एक, तो कमी पडला असावा. मी पन्नास कार्डं संपवली, जोड्या दाखवल्या, बेरीज केली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझा चेहरा हलला. कुठे हलला ते माहीत नाही, पण काकू बाकावरून उठून आत आल्या.

एकतीस.

मॅडमनी बेरीज दोनदा केली. मग स्वतःच पेन्सिल घेऊन उत्तरं मूळच्या क्रमाने लावली. पहिली बारा, बाराच्या बारा बरोबर. पुढच्या अडतिसात एकोणीस बरोबर, एकोणीस चूक. नाणं.

काकूंनी मॅडमचं मनगट धरलं, घड्याळाकडे न बघता थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “ब्याऐंशी. एकसारखे आहेत. मघाशी जास्त असणार.” मॅडमनी लहान मुलीसारखी मान डोलावली. मग दाराकडे वळून, एकोणीस वर्षांत कुणी ऐकला नसेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “तिसऱ्या दिवशी काय झालं दिरांना?”

“तिसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी चहा प्यायचा सोडला,” सासूबाई म्हणाल्या. “आता चांगले ठणठणीत आहेत. भांडतात.”

मी फुटत होते. आतून टेबलावर चढून नाचत होते, दोन्ही कागद हातात घेऊन, सोळा आणि बारा, करंगळी आणि दीर. मॅडमनी आपला कागद घडी करून पर्समध्ये टाकला, संचाची मोहोर पुन्हा चिकटवायला सांगितली आणि मला म्हणाल्या, नोंदवहीत काहीतरी लिही. मी पंख्याकडे पाहिलं.

मग त्या अर्जाकडे बघत बसल्या. सव्वाचार वाजले होते. खोटीचा चौकोन त्यांच्या हातून भरला जाईना. मी आनंदाने म्हणाले, मग खरी. त्यावर मॅडमनी अशी मान हलवली की मला जागेवर बसायला लागलं. म्हणाल्या, तेहेतीस गुणांवरून ही बाई वर जायला योग्य आहे असं मी लिहू शकत नाही. अयोग्य आहे असंही नाही. या गुणांवरून काहीच सांगता येत नाही. “गुणांवर विश्वास ठेवता येत नाही. बाईवर का ठेवू नये? पण हे लिहायला इथे जागा कुठाय?”

जागा नव्हतीच. मॅडमनी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन लावला. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, मधलं काही नसतं, मॅडम. दोनपैकी एका चौकोनात खूण नसेल तर संगणक अर्ज घेतच नाही. खरी असेल तर वर, खोटी असेल तर घरी. चाचणी पुन्हा घेऊन बघा हवं तर. मॅडमनी फोन ठेवला आणि सांगितलं की पुन्हा घेऊनही तेच होणार. या खोलीत, या खुर्चीत, चार कोऱ्या भिंतींकडे बघत बसल्यावर माणसाचं लक्ष आत जाणार नाही तर जाणार कुठे.

काकू बाहेर बाकामागच्या खिडकीशी जाऊन उभ्या होत्या. लांबवर कुठल्यातरी बांधकामाची क्रेन दिसत होती. त्या क्रेनचा चालक भार जरा घाईने फिरवतोय असं त्या पुटपुटल्या. मी विचारलं, काकू, वर असताना कधी पोटात दुखायचं?

त्यांनी बराच विचार केला. “वर? हुकावर भार असला ना, की मला पोट नसतं,” त्या म्हणाल्या. “खाली माणसं असतात. त्यांच्याकडे बघायचं की पोटाकडे?”

मॅडमनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. आम्हाला दोघींनाही एकाच वेळी सुचलं, आणि एकाच वेळी लक्षात आलं की ते होणं शक्य नाही: वर जायला पास लागतो, पासला खरीचा चौकोन लागतो, आणि चौकोनाला चाचणी लागते. सासूबाईंना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग लिहा की तसं, कागद तुमचाच आहे. पाचला वीस मिनिटं कमी होती. मॅडम उभ्या राहून सांगू लागल्या आणि मी लिहू लागले. त्यांचे गाल लाल झाले होते आणि छातीवरचा हात कधीच खाली आला होता. दोन्ही चौकोन कोरे ठेवून आम्ही अर्जाला जो कागद जोडला, तो असा:

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी यांस,

विषय: स्मरणशक्तीची चाचणी जमिनीपासून त्रेसष्ट मीटर उंचीवर घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या आस्थापनेतील क्रेनचालक महिलेने जमिनीवर मिळविलेले गुण विश्वासार्ह आढळलेले नाहीत. सदर अविश्वास हा गुणांबाबतचा असून महिलेबाबतचा नाही, याची कृपया नोंद घ्यावी. सदर महिलेचे लक्ष जमिनीवर असताना स्वतःच्या करंगळीकडे व हुकावर भार असताना इतरांच्या जिवाकडे असते, असे दिसून आल्याने फेरचाचणी क्रेनच्या केबिनमध्ये घेणे आवश्यक आहे.

तरी, सदर महिलेस चाचणीचा निकाल येण्यापूर्वी, चाचणीसाठी आवश्यक असलेल्या निकालाविना, केबिनमध्ये प्रवेश द्यावा. केबिन एकाच व्यक्तीची असल्याने परीक्षक सहायिकेस पन्नास कार्डांसह बाहेरील शिडीस सुरक्षितपणे बांधण्यात यावे. चाचणीकाळात हुकावर प्रत्यक्ष भार ठेवावा. तसेच वाऱ्याने उडालेली कार्डे महिलेने पाहिली असे गृहीत धरू नये. सदर परवानगी मिळेपर्यंत आमचे दोन्ही रिकामे चौकोन हेच आमचे उत्तर समजून ते आपल्या संगणकास मान्य करावयास सांगावे, आणि तोपर्यंत सदर महिलेस कोणीही, कोठेही, मनातल्या मनातसुद्धा, खोटी समजू नये, ही नम्र विनंती.